रिकाम्या पेटीतली तीन भुतं

आठवडी बाजाराच्या दिवशी फुलसावंगीत माणसांची दाटी असतेच. पण त्या दिवशी ती कांद्याच्या ढिगांपाशी नव्हती आणि बांगडीवाल्यांपाशीही नव्हती. सगळा बाजार लोटला होता मोहिउद्दीन मिस्त्रीच्या दुकानाकडे. मोहिउद्दीन विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानाला लागून त्याचीच एक खोली होती. तिच्या दारात बाया, खिडकीत पोरं, समोरच्या बाभळीवर आणखी पोरं, आणि मागे टाचा उंचावून उभे असलेले बाप्ये. आत काय चाललंय ते पुढच्यानं मागच्याला सांगायचं आणि मागच्यानं त्यात थोडं घालून आणखी मागे पाठवायचं.

आत टेबलावर एक संगणक होता. त्याच्या पडद्याला झेंडूचा हार, खालच्या पेटीवर हळदीकुंकवाची बोटं, समोर नारळ आणि धुपाटणं. धूर इतका की पहिल्या रांगेतल्या माणसांचेही डोळे पाण्यानं भरले होते. काहींचे भक्तीनं भरले होते, पण बहुतेकांचे धुरानंच.

खुर्चीवर विद्युतनाथ महाराज बसले होते. केशरी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षाच्या मधोमध तांब्याच्या तारेचं वेटोळं.

"व्हायरस, व्हायरस म्हणतात," महाराज सांगत होते. "हा शब्द इंग्रजांचा नव्हेच. आपलाच आहे, त्यांनी पळवला. वायु-रस. वाऱ्यातून येतो तो रस. आणि या यंत्राच्या आत जे असतं त्याला म्हणतात विंडोज. विंडोज म्हणजे खिडक्या. आता मला सांगा, तिन्हीसांजेला खिडकी उघडी ठेवली तर घरात काय शिरतं?"

"डास," मागून मोहिउद्दीन म्हणाला.

लोक हसले. महाराज जराही डगमगले नाहीत. "डास शिरतात. आणि डासाच्या पाठीवर बसून जे येतं, तेही शिरतं."

हसणं थांबलं. महाराजांनी डोळे मिटले. त्यांचा चेला देवानंद, पंचविशीचा, जीन्सवर भगवी लुंगी गुंडाळलेला, पेटीसमोर वाकला. गर्दीकडे पाठ करून त्यानं पेटीला भस्म लावलं, धूप ओवाळला, बटण दाबलं. महाराजांनी "ॐ विद्युत् विद्युत् स्फट् स्वाहा" असा घोष सुरू केला. पडदा काळाच राहिला. मग त्यावर पांढरी अक्षरं सरसर धावली. मग पुन्हा काळोख. आणि मग एकदम कमळात बसलेले विद्युतनाथ महाराज पडद्यावर प्रकट झाले आणि आतून खर्जातला आवाज आला, "कल्याणमस्तु."

गेले कित्येक दिवस मेल्यासारखी पडलेली पेटी बोलली होती. बायांनी हात जोडले. उपसरपंच गोविंदानं महाराजांचे पाय धरले.

दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली दीपमाला मात्र पडद्याकडे पाहत राहिली. पहिल्या क्षणी तिलाही आनंद झाला, आपल्या हातून बंद पडलेलं यंत्र चालू झालं म्हणून. दुसऱ्या क्षणी तिच्या लक्षात आलं की पडद्यावरचा माउसचा बाण नेहमीचा नाही. खालची पट्टीही वेगळी आहे. रोज ज्याच्यावर काम केलं तो हा संगणक नव्हेच. पेटी तीच, पण आतला माणूस दुसरा.

ही दीपमाला गावातलीच, बौद्धवाड्यातली. यवतमाळला राहून बी.ए. झालेली, संगणकाचा कोर्स केलेली. ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची होती. त्या वर्षांत गावात बाहेरून येणाऱ्या गाड्या दोनच तऱ्हेच्या, कॅमेरा घेऊन येणाऱ्या आणि अंगारा घेऊन येणाऱ्या. अपवाद एका संस्थेच्या गाडीचा. तिच्यातून दोन जुने संगणक उतरले. गोविंदानंच ते खटपट करून आणले होते. मोहिउद्दीननं खोली दिली आणि दीपमालानं वर्ग सुरू केला. बघता बघता मुलींनी खोली भरून गेली. बंजारा तांड्यावरच्या लालीबाईची मुलगी तर सगळ्यांआधी येऊन दाराशी बसायची.

त्या दोहोंपैकी एका संगणकात दीपमालानं आणखी एक काम चालवलं होतं. शेजारच्या रुखमाबाई कापूस वेचताना गाणी म्हणायच्या. काही त्यांच्या आईनं रचलेली, काही त्यांनी स्वतः. दीपमालानं एक स्वस्तातला माइक जोडून ती सगळी उतरवून घेतली. गेल्या हिवाळ्यात रुखमाबाईंना घशाचं दुखणं झालं. दुखणं बरं झालं, पण आवाज बसला तो बसलाच. आता त्या बोलल्या की कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवरून कुणी चालावं तसं वाटे. त्यांचा खरा आवाज राहिला होता तो त्या पेटीतच. तो ऐकायला त्या अधूनमधून येऊन बसायच्या.

बिघाड झाला तो असा. दोन्ही संगणकांत व्हायरस अडवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याची मुदत कधीच संपली होती. ते काम काही करत नसे, पण मुलीनं दोन ओळी टाइप केल्या की पडद्यावर लाल पाटी झळकवायचं, मुदत संपली, मुदत संपली. दीपमाला वैतागली. तिनं ठरवलं, हे काढूनच टाकू. काढायला घेतलं तर तेही धड निघेना. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर अडली आणि तेवढ्यात लाइन गेली. लाइन आल्यावर पाहते तर सॉफ्टवेअर अर्धं गेलेलं, अर्धं तिथंच. तिनं उरलेल्या फाइली हातानं निवडून पुसून टाकल्या आणि संगणक बंद करून चालू केला.

तिथून पुढे तो चालूच होईना. बटण दाबलं की सुरुवात व्हायची, मध्येच निळा पडदा चमकायचा आणि संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून चालू. पुन्हा निळा, पुन्हा बंद.

दीपमालानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "मायी चूक झाली. ते सॉफ्टवेअर मी बरोबर काढलं नाई. मंग उरल्यासुरल्या फाइलीबी पुसल्या. म्हणून हे होऊन राह्यलं."

पण कुणी तिला चूक करू देईना.

"तू कायले अंगावर घेतं, पोरी?" गोविंदा म्हणाला. "आपोआप बंद होते, आपोआप चालू होते. हे मानसाचं काम हाय काय?"

"जागाच वंगाळ हाय," लालीबाई म्हणाली. "इथं पयले शिंपी राहे. रातोरात निघून गेलता म्हनते."

तो शिंपी रातोरात गेला होता हे खरं. पुण्याला गेला होता. तिथं तो अजून शिवणकाम करतो आणि दिवाळीला गावात येऊन सगळ्यांकडे चकल्या खातो. पण त्याचं भूत मात्र तो जिवंत असतानाच खोलीत येऊन राहिलं.

यवतमाळच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, "घेऊन या, सगळं पुसून नवीन टाकून देतो." पण सगळं पुसायचं म्हणजे गाणीही जायची. दीपमाला थांबली. ती थांबली आणि गोविंदा महाराजांना घेऊन आला.

तर त्या बाजाराच्या दिवशी, "कल्याणमस्तु" झाल्यावर, दीपमाला पुढे आली. "महाराज, याच्यात रुखमाआजींची गाणी हायेत. तेवढी लावून दाखवा."

महाराजांनी देवानंदकडे पाहिलं. देवानंदनं खाली पाहिलं.

"गाणी भुतांच्या ताब्यात आहेत," महाराज म्हणाले. "आज फक्त त्यांना दडपलं आहे. माझी पाठ वळली की ती पुन्हा उठतील. दर बाजारी बैठक लागेल. ही खोली शुद्ध करून इथं विद्युतपीठ स्थापन करू. आणि तोवर मुलीबाळींनी इकडे फिरकायचं नाही. बाईमाणसाचा हात लागला की भूत चेकाळतं."

देवानंदनं हार काढला, पेटी बंद केली, तिच्यावर लाल कापड टाकलं. जीप निघून गेली. दीपमालानं कापड बाजूला करून बटण दाबलं. पुन्हा निळा पडदा, पुन्हा बंद.

"पाह्यलं?" गोविंदा म्हणाला. "महाराज म्हनाले तसंच झालं."

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीच आलं नाही. दुसरा संगणक चांगला चालू होता, पण त्याच्याजवळ बसायचीही कुणाची छाती नव्हती. दीपमाला एकटीच बसून राहिली. रुखमाबाई तेवढ्या आल्या, नेहमीच्या जागी टेकल्या आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "गेली तं गेली, बाई. तू कायले तोंड पाडून बसली?"

"आजी, गेली नाईत ती. अंदरच हायेत."

"मंग त्या बुवाले कशी नाई दिसली?"

हा प्रश्न दीपमालाच्या डोक्यात अडकला. खरंच, संगणक जर बरा झाला होता, तर गाणी समोरच दिसायला हवी होती. दिसली नाहीत, म्हणजे त्या दिवशी जे चालू झालं त्याला या पेटीतल्या गाण्यांची ओळखच नव्हती. मग ते आलं कुठून?

विचार करता करता तिला संस्थेचा माणूस आठवला. संगणक आणले तेव्हा ते कोरे होते. त्यानं बॅगेतून एक सीडी काढली, पेटीच्या कप्प्यात घातली, आणि कोरा संगणक त्या सीडीवरून सुरू झाला होता. म्हणजे पेटीत काही नसलं तरी सीडीवरून संगणक जागा होतो. आणि देवानंद पेटीसमोर गर्दीकडे पाठ करून वाकला होता. चालू करताना एकदा आणि हार काढताना दुसऱ्यांदा.

दीपमाला उठली आणि शेजारच्या दुकानात गेली. "चाचा, एक विचारू? एखाद्या मोटारीतलं तांबं पुरं काढून घेतलं आन् ते मोटार तरी फिरली, तं काय समजायचं?"

मोहिउद्दीननं हातातला पाना खाली ठेवला. "समझने का क्या उसमें? दुसरी मोटार फिरून राह्यली आसंन कुठंतरी."

"बस. मले तेच पाह्यचं हाय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, महाराज यायच्या आधी, तिनं लालीबाईला बोलावून आणलं. लालीबाई उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मी अंदर येनार नाई, मॅडम. मायी पोरगी घरी रडून राह्यली वर्गासाठी, पन म्या तिले नाई पाठवलं. मलेबी भेव लागते."

"अंदर नका येऊ, काकू. दारातून पाहा, फक्त पाहा. पुढं तुमाले साक्ष द्या लागंन."

मोहिउद्दीननं पेचकस दिला. दीपमालानं पेटीची बाजूची पत्र्याची झाकणी काढली आणि आतून एक डबी सोडवून बाहेर काढली. तळहाताहून थोडी मोठी, जड, चपटी.

"ही हार्ड डिस्क. संगणकाचं सगळं याच्यात असते. पोरींची कामं याच्यात, आजींची गाणी याच्यात, आन् जे बिघडलं तेबी याच्यातच. आता भूत कुठं आसंन, काकू?"

लालीबाई दोन पावलं मागे सरकली. "डबीत."

"आन् पेटीत?"

"पेटीत काय राह्यलं मंग? काईच नाई."

दीपमालानं झाकणी पुन्हा बसवली. डबी एका सुती फडक्यात गुंडाळून तिनं रुखमाबाईंना दिली. रुखमाबाईंनी ती मांडीवर ठेवली, वरून पदर घेतला आणि त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

त्या दिवशी गर्दी आधीपेक्षा जास्त होती. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. महाराज आले, बसले, डोळे मिटले. दीपमाला हात जोडून समोर उभी राहिली.

"महाराज, सुरू कराच्या आधी एक विचारायचं होतं. भूत आता पेटीत हाय काय?"

महाराजांना प्रश्न आवडला. त्यांनी पेटीवर हात ठेवला, कान लावला, मान डोलावली. "भूत नव्हे, भुतं. तीन आहेत. एक थोरलं आणि दोन पिल्लं."

"पेटीतच? दुसरीकडं कुठं नाई ना?"

"जातील कुठं? मागच्या बाजारी मीच त्यांना मंत्रानं बांधून गेलोय. थोरलं जरा चिडलेलं आहे आज."

लालीबाईनं तोंडाला पदर लावला. भीतीनं नाही, हसू फुटू नये म्हणून. रुखमाबाई ताठ बसून होत्या.

देवानंद पेटीसमोर वाकला. भस्म, धूप, बटण. महाराजांनी स्फट् स्वाहाचा धडाका लावला. पांढरी अक्षरं धावली, पडदा उजळला आणि कमळातल्या महाराजांनी सगळ्यांना "कल्याणमस्तु" म्हटलं. गर्दीनं हात जोडले.

"गेली भुतं?" दीपमालानं विचारलं.

"गेली. थोरल्यानं जाताना फार त्रास दिला."

"आजी," दीपमाला म्हणाली, "दाखवा."

रुखमाबाई उठल्या. पदराखालून फडकं काढलं, ते सोडलं आणि डबी हातावर घेऊन त्या गर्दीकडे वळल्या. त्यांचा आवाज फार लांब जात नव्हता, पण तेव्हा खोलीत दुसरा आवाजच नव्हता. "ज्याच्यात भूत हाय म्हनते, ते हे. दुपारपासून मांडीवर घेऊन बसली मी. एकबी चावलं नाई."

कुणाला काही कळेना. दीपमालानं पेटीची झाकणी काढली आणि गोविंदाला जवळ बोलावलं. "गोविंदाकाका, इथं पाहा. ही डिस्कची जागा. रिकामी हाय ना? महाराज यायच्या आधीच काढली होती. लालीकाकू आन् मोहिउद्दीनचाचा समोर होते."

"म्या सोता पाह्यलं," लालीबाई म्हणाली. ती आता उंबऱ्याच्या आत आली होती.

गोविंदा वाकून त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. "मंग महाराजांनी काढली कोनती भुतं?"

"आत्मा सूक्ष्म असतो," महाराज म्हणाले. "त्याला डबी लागत नाही. तो पेटीच्या पत्र्यातही..."

"पत्र्यात नाई, महाराज. या कप्प्यात." दीपमालानं संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि पेटीच्या तोंडाशी असलेलं छोटं बटण दाबलं. कप्पा सरकून बाहेर आला. त्यात एक चकचकीत सीडी होती. तिनं ती उचलून उंच धरली. "तुमच्या घरी सीडी टाकून शिनेमा पाहता ना? तसंच हाय हे. अख्खा संगणक चालू कराचं सामान या सीडीत भरलेलं हाय. फोटोबी हिच्यात, आवाजबी हिच्यात. पेटीतलं बिघडलेलं जसंच्या तसं राहते, फक्त त्याले कोनी हात लावत नाई. धूर झाला की यानं सीडी टाकायची, हार काढताना काढून घ्यायची. म्हणून मागच्या बाजारी जीप गेली आन् बिघाड परत आला."

सीडीविना पडद्यावर एकच पांढरी ओळ येऊन थांबली होती. दीपमालानं ती वाचून दाखवली, "म्हणते, डिस्क सापडत नाही." मग तिनं सीडी रुखमाबाईंच्या हातात दिली. "आजी, आता तुमी भूत काढा."

रुखमाबाईंनी सीडी कप्प्यात ठेवली. दीपमालानं दाखवलेलं बटण दाबलं. मग पेटीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "ऊठ रे बाप्पा. बाजार उठायची वेळ झाली."

अक्षरं धावली. पडदा उजळला. कमळातले महाराज पुन्हा आले आणि रुखमाबाईंना आदरानं म्हणाले, "कल्याणमस्तु."

आधी बाभळीवरची पोरं हसली. मग बाया हसल्या. मग हसू दारातून बाहेर गेलं आणि ज्यांना आतलं काही दिसत नव्हतं तेही हसू लागले. खुर्चीवरचे महाराज उठून उभे राहिले आणि गडबडीत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ती सीडी आमची आहे. ती इकडे द्या."

गोविंदा त्यांच्याकडे वळला. "तुमची सीडी? तुमी तं मंत्रानं केलं ना?"

महाराजांनी कफनी सावरली आणि गर्दीतून वाट काढत जीप गाठली. कुणी अडवलं नाही, कुणी अंगाला हात लावला नाही. फक्त जो तो बाजूला सरून म्हणायचा, "कल्याणमस्तु, महाराज, कल्याणमस्तु." जीप धुरळा उडवत गेली.

देवानंद मात्र जीपमध्ये बसला नव्हता. तो खोलीच्या कोपऱ्यात लुंगी सोडून, घडी घालत उभा होता. माणसं त्याच्याकडे वळली तशी दीपमाला मध्ये आली.

"ही सीडी तुमी बनवली?"

"हो." त्याचा आवाज खाली गेला. "हार्डवेअरचा कोर्स केला यवतमाळला. काम भेटलं नाई. महाराजांच्या मठातला संगणक दुरुस्त कराले गेलतो, तं त्यांनी ठेवूनच घेतलं. ते फोटो टाक म्हनाले, आवाज टाक म्हनाले. म्या टाकला."

"या सीडीवरून डिस्कमधल्या फाइली पाहता येतीन?"

देवानंदनं मान वर केली. हा प्रश्न त्याला बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. "येतीन ना. त्याच्यासाठीच असते हे. डिस्क लावा तुमी."

दीपमालानं संगणक बंद केला, रुखमाबाईंच्या हातून डबी घेतली आणि होती तिथं बसवली. सीडीवरून संगणक पुन्हा सुरू झाला. देवानंदनं दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि डिस्क उघडली. पिवळे कप्पे दिसू लागले. त्यातल्या एकावर दीपमालानंच नाव दिलं होतं, 'रुखमाआजी'. तिनं पहिल्या गाण्यावर क्लिक केलं.

*पांढरं झालं रान, माय, वेचाले हात दे,*
*शिकली माझी लेक, तिले पाटीवर वाट दे...*

मोकळा, भरलेला आवाज खोलीत घुमला. रुखमाबाई खुर्चीच्या पाठीला धरून ऐकत होत्या. त्यांचे ओठ आवाजाबरोबर हलत होते. गाणं संपलं. मग रुखमाबाई म्हणाल्या, "पुढचं लाव." दीपमालानं आधी सगळी गाणी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मग पुढचं लावलं.

गोविंदाला मात्र एक गोष्ट अजून सुटत नव्हती. "भूत नव्हतं, हे समजलं. मंग ते आपोआप बंद-चालू काहून होत होतं?"

"पयल्या दिवसापासून तेच तं सांगून राह्यली, काका." दीपमाला हसली. "शाळेत गुरुजी रोज हजेरी घेतात. समजा, पोरगा शाळा सोडून गेला, पन हजेरीतलं नाव कोनी खोडलंच नाई. गुरुजी नाव पुकारतात, उत्तर येत नाई. आपले गुरुजी पुढच्या नावावर जातीन. पन संगणक अडतो. तो म्हनते, मी हजेरी पयल्यापासून घेतो. पुन्हा तेच नाव, पुन्हा उत्तर नाई. म्या त्या सॉफ्टवेअरच्या फाइली पुसल्या, पन चालू होताना ज्यांना हाक माराची त्यांच्या यादीत एका फाइलचं नाव तसंच राह्यलं. तेवढंच."

"मंग आता?"

"आता त्या पोराले शाळेत परत आणू, आन् नाव खोडून रीतसर निरोप देऊ."

दुसऱ्या संगणकात तेच सॉफ्टवेअर अजून शाबूत होतं. त्यातली ती हरवलेली फाइल देवानंदनं पेनड्राइव्हवर घेतली आणि सीडीच्या मदतीनं बिघडलेल्या डिस्कमध्ये होती त्या जागी ठेवली. दीपमालानं सीडी काढली, संगणक बंद केला, चालू केला. निळा पडदा कधी चमकतो म्हणून सगळे वाट पाहत राहिले. तो चमकला नाही. रोजचा पडदा आला, रोजचा बाण आला, आणि त्याच्या मागोमाग ती लाल पाटीही आली, मुदत संपली.

त्या पाटीला पाहून कुणाला आनंद झाल्याचं गावात ते पहिलंच उदाहरण.

मोहिउद्दीननं दुकानातून बॅटरी आणि इन्व्हर्टर ओढत आणला, लाइन गेली तरी काम अर्ध्यावर अडायला नको म्हणून. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनंच ते काढून टाकायला एक छोटा प्रोग्राम दिलेला असतो. तो देवानंदला ठाऊक होता आणि त्याच्या बॅगेतल्या दुसऱ्या एका सीडीत सापडलाही. या वेळी पट्टी शेवटपर्यंत गेली. संगणक पुन्हा चालू केला, लाल पाटी आली नाही.

बाजार उठत आला होता, पण खोलीपुढची माणसं हलली नव्हती. गोविंदा दीपमालाला म्हणाला, "पोरी, दोन शब्द बोल सगळ्यांशी. म्या आनलं होतं त्याले. मले बोलाले तोंड नाई."

दीपमालाला भाषण करायची सवय नव्हती. ती दारात उभी राहिली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली.

"गोविंदाकाकांनी वाईट मनानं नाई आनलं. हे संगणकबी त्यांनीच आनले. बिघाड झाला, घाबरलो आपन सगळे. मीबी घाबरली. पन पाहा, म्या म्हणत होती की चूक मायी हाय, तेव्हा कोनाले पटलं नाई. भूत हाय म्हनलं ते लगेच पटलं. भुताचं नाव घेतलं की चूक शोधायचं काम थांबते. चूक हाय म्हनलं की ते सुरू होते. या डिस्कमधलं सगळं पहिल्यापासून शाबूत होतं, आपन उघडून पाह्यलं नाई एवढंच.

"उद्या कोनी येईन, पिकावरच्या रोगाचा अंगारा देईन, दुखण्याचा गंडा देईन, जमिनीतलं धन काढून देतो म्हनंन. त्याले शिव्या नका देऊ, मारू तं बिलकूल नका. एवढंच म्हना, बाप्पा, पेटी उघडून दाखव. धूर करू नको, पाठ करून उभा राहू नको. आन् तू केलं ते आमाले करून पाहू दे. खरं आसंन तं तो दाखवंन. खोटं आसंन तं त्याले जीप आठवंन. आन् पोरींनी हात लावला की बिघडते, असं जो म्हनंन, त्याले पयले इचारा की पोरी शिकल्या तं तुयं काय बिघडते."

ती थांबली. बोलून झालं होतं. लालीबाई गर्दीतून पुढे आली आणि संगणकासमोरच्या स्टुलावर बसली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग हळूच एक बोट पुढे केलं.

"मॅडम, उद्यापासून पोरगी येईन," ती म्हणाली. "पन आता मले सांगा, मायं नाव कुठून सुरू होते?"

दीपमालानं तिच्या बोटाखाली कळ दाखवली. लालीबाईनं ती दाबली. पडद्यावर 'ल' उमटला.